तीन मनात

पडद्याच्या पलीकडे कुणीतरी मोजत होतं आणि ते मोजणं चुकत होतं. "एक, दोन," मग एक श्वास जाईल एवढी जागा रिकामी, आणि मग "चार". पुन्हा "एक, दोन," रिकामी जागा, "चार". ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर तपासणीचा फॉर्म, शेजारी पिवळं हेल्मेट, आणि वॉचमन यंत्रखोलीची किल्ली शोधायला गेलेला. बावीस वर्षं ती लिफ्टची इन्स्पेक्टर होती आणि बावीस वर्षांत एक गोष्ट तिला पक्की कळली होती, की कुठल्याही इमारतीत यंत्रखोलीची किल्ली जागेवर नसते. खरं तर आता तिच्या वाट्याला नुसत्या सह्या यायच्या, जिने चढायचं काम हाताखालची मुलं करायची. पण आज एक जण रजेवर होता म्हणून ती स्वतः आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या या दवाखान्यात आखडलेले गुडघे आणि खांदे सोडवून द्यायचे. तिचं कशातच लक्ष नव्हतं. तेवढ्यात पडद्यामागचे आजोबा वैतागून म्हणाले, "अहो डॉक्टर, दर खेपेला तीन खाताय तुम्ही!" आणि एक शांत, जरा बसका आवाज म्हणाला, "तीन मनात म्हणायचा, आजोबा."

हे वाक्य म्हणणारी माणसं जगात चारच होती आणि त्यातली एक ती स्वतः. 'दोरांची स्थिती' या रकान्यात पेन टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. उठून जिन्याने खाली पळावं, किल्ली गेली खड्ड्यात, असं तिला वाटलं. आणि नेमकी त्याच वेळी, याची तिला लाजही वाटली, तिची छाती फुगली. एकतीस वर्षांनी एका अनोळखी म्हाताऱ्याचा गुडघा त्यांच्या पद्धतीने मोजला जात होता. म्हणजे ते सगळं खरंच घडलं होतं. नवऱ्याला तिने लग्नानंतर एकदा सांगून पाहिलं होतं, तर तो म्हणाला होता, "लहानपणी आम्ही पण खूप उडायचो." त्यानंतर तिने कानाला खडा लावला. लेकीच्या वेळी मात्र पंचाईत झाली. तीन वर्षांची पोर बालवाडीत एक, दोन, चार असं मोजायला लागली आणि तिथल्या बाईंनी हिला बोलावून घेतलं. "घरी कोण शिकवतं हिला?" बाईंनी विचारलं होतं, आणि ती स्वतः मान खाली घालून हसत बसली होती. हसू कसलं, अभिमानच तो.

पंधराव्या वर्षी ती कप्तान होती. तिला कुणी निवडलं नव्हतं. तिने जाहीर केलं आणि बाकी तिघांनी ऐकून घेतलं. एकाच इमारतीतली चार पोरं. जाड्या, जो खरंच जाडा होता आणि त्याला त्याचं काहीही वाटत नसे. मास्तरीण, जी सगळ्यांच्या चुका काढायची. आणि मुका, ज्याला बोलता उत्तम यायचं, फक्त बोलायचा कंटाळा होता. मास्तरणीच्या घरचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावरून उतरवायचं होतं, मोठी माणसं जिन्याच्या वळणावर घाम पुसत थांबली होती, आणि या चौघांनी उगाच आगाऊपणा म्हणून चार कोपरे धरले. ज्याने त्याने आपला आकडा म्हणायचा असं ठरलं. कप्तान म्हणाली "एक", मास्तरीण म्हणाली "दोन", मुक्याने नेहमीप्रमाणे तोंड उघडलंच नाही, आणि त्याने सोडलेल्या त्या जागेत कपाटाचं वजन गेलं. गेलं म्हणजे गेलं. जाड्याने घाबरून "चार" म्हटलं तेव्हा कपाट रिकाम्या खोक्यासारखं त्यांच्या बोटांवर होतं आणि मास्तरणीचे वडील खालच्या पायरीवर आ वासून उभे होते. पुढे त्यांनी सगळं करून पाहिलं. तिघांनी, दोघांनी, क्रम बदलून, चारही आकडे ओरडून. काही होईना. चौघंच लागायचे, याच क्रमाने, आणि तिसरा आकडा मनात. असं का, ते कुणालाच कळलं नाही, आणि पंधराव्या वर्षी तो प्रश्न फारसा छळतही नाही.

मग दीड वर्ष नुसती धमाल. दलाचं नाव तिने ठेवलं 'वज्रचौकडी'. तिच्या आईने जुन्या पडद्यांचे चार अंगरखे शिवले, जांभळ्यावर पिवळी पानं, आणि जाड्याच्या अंगरख्याला कापड कमी पडलं म्हणून पाठीवर टेबलक्लॉथचा तुकडा जोडला. आई बाहेर सगळ्यांना सांगायची, "कसलं आलंय, पोरखेळ नुसता," आणि घरात त्या अंगरख्यांना इस्त्री करायची. लोकांनी मात्र 'वज्रचौकडी' कधीच म्हटलं नाही. लोक म्हणायचे हमाल. "अरे, हमालांना बोलवा!" अशी हाक खालून आली की चौघं जिन्यावरून धडाधड उतरायचे. बसच्या चाकाखालून एका गवंड्याचा पाय त्यांनी सोडवला. नाल्यात कललेली रुग्णवाहिका, आत पेशंट असताना, रस्त्यावर आणून ठेवली. हमाल म्हणतात म्हणून ती रडकुंडीला यायची, आणि आता, या बाकावर बसून, तिला कळत होतं की त्याहून मोठी पदवी तिला नंतर कधी मिळालीच नव्हती. ऑफिसच्या दारावर तिच्या नावाची पितळी पाटी होती. ती पाटी बघून कुणी कधी जिना धावत उतरलं नव्हतं.

पडदा सरकला. आजोबा कुरकुरत बाहेर आले आणि त्यांच्या मागून एक टक्कल पडलेला, रुंद खांद्यांचा माणूस आला, टॉवेलला हात पुसत. डाव्या हाताला करंगळी नव्हती आणि तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. तिने आधी तो हातच पाहिला. मग कुठे चेहरा.

"कप्तान," मुका म्हणाला, कालच जिन्यात भेटल्यासारखा.

"तू इथे?"

"अकरा वर्षं झाली. लिफ्टमधल्या प्रमाणपत्रावर दर वर्षी तुझी सही असते. पेशंट घाबरले की त्यांना सांगतो, बसा बिनधास्त, कप्तानाची सही आहे."

तिला हे ऐकवेना. त्याने टॉवेल खुंटीला अडकवला आणि तिच्या शेजारी बसला, मधे हेल्मेट ठेवून. तो पूर्वीपेक्षा बोलका झाला होता, म्हणजे एका दमात तीन-चार वाक्यं. जाड्या त्याचं शोभेच्या माशांचं दुकान बंद करतोय, म्हणाला. रविवारी सकाळी सगळं हलवायचंय. एक मोठी टाकी आहे, तिच्यात एकच म्हातारा मासा आहे. सामान हलवणारे म्हणतात, टाकी पूर्ण रिकामी करा, तरच हात लावू. आणि जाड्या म्हणतो, त्याला बाहेर काढला तर तो जगायचा नाही.

"आणि काय म्हणतो माहितीय? म्हणतो, आपण चौघं असतो तर."

"ते आता थोडंच होणार आहे?" ती म्हणाली.

"नाही होणार. पण उचलायला माणसं तर लागतील ना. मास्तरणीला तू फोन कर. माझा आवाज ऐकला की ती ठेवून देते."

मास्तरीण फोन का ठेवते ते तिला ठाऊक होतं. मुक्याने मास्तरणीला खरं काय ते कधी का सांगितलं नाही, हे एकतीस वर्षांत तिला कळलं नव्हतं, आणि ते विचारण्याची हिंमतही झाली नव्हती. किल्ली आली. ती वर गेली, दोर पाहिले, ब्रेक पाहिला, सगळं ठाकठीक होतं, आणि पूर्ण वेळ तिच्या नाकात सिमेंटच्या धुळीचा वास होता. तो वास दलाच्या शेवटच्या कामगिरीचा होता. एका जुन्या इमारतीचा सज्जा कोसळला होता आणि स्लॅबखाली एक बाई अडकली होती. सायरन चालू, जनरेटर चालू, माणसांची ही गर्दी. आणि गर्दीत एक फोटोग्राफर. तो हिला म्हणाला, "मोठ्याने मोजा ना जरा, रुबाबात. आणि हा मुलगा काय बोलतच नाही का?" सोळा वर्षांची कप्तान. उद्याच्या पेपरात फोटो येणार. तिला वाटलं, आपल्या दलातला एक जण तोंड मिटून उभा आहे, हे बरं दिसत नाही. ती म्हणाली "एक". पलीकडून मास्तरणीचं "दोन" आलं, वजन जायला लागलं, स्लॅब वीतभर उचलला गेला, आणि त्या रिकाम्या जागेत, मुक्याच्या शेजारी वाकून, त्याच्या वतीने, तिने म्हटलं, "तीन".

वजन परत आलं. सगळंच्या सगळं, एकदम. तिघं ओरडून मागे सरले. मुक्याचा हात राहिला. बाईला लोकांनी ओढून बाहेर काढली, ती वाचली, आणि दवाखान्याच्या आवारात मास्तरीण मुक्याच्या अंगावर धावून गेली होती, "तू आधी सोडलंस! तूच सोडलंस!" हाताला भलंमोठं बँडेज बांधलेल्या मुक्याने हिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. हो, म्हणून. आवाजाच्या त्या गोंधळात तिचा 'तीन' पलीकडच्या दोघांना ऐकूच गेला नव्हता, आणि ही मूग गिळून गप्प बसली. नंतर ते चौघं एकदाही एकत्र काही धरायला उभे राहिले नाहीत. मास्तरीण म्हणाली, याच्याबरोबर मी पुन्हा कशालाही हात लावणार नाही. जाड्या रडला. घरं बदलली, शाळा सुटली, आणि दल संपलं. ती लिफ्टच्या खात्यात गेली ते योगायोगाने, असं ती सगळ्यांना सांगायची. पण तिने पास केलेली एकही लिफ्ट बावीस वर्षांत पडली नव्हती, आणि एखादा दोर जरा जरी झिजलेला दिसला तरी ती ज्या कडकपणे लाल शिक्का मारायची, त्यावरून हाताखालची मुलं मागे तिला काय काय म्हणायची तेही तिच्या कानावर होतं.

दुपारी ऑफिसमधून तिने फोन लावला. मास्तरणीचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. मागे वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज येत होता.

"अगं बाई, कप्तान! जिवंत आहेस?"

"तू काय करतेस?"

"लोकांचे डाग काढते. आधी चुका काढायचे, आता डाग. बढती म्हण."

दोघी हसल्या, आणि क्षणभर मधली एकतीस वर्षं कुठल्या कुठे गेली. मग हिने रविवारचं सांगितलं. पलीकडे इस्त्रीचा आवाज थांबला.

"तो असणार?"

"असणार."

"मग मी नाही येत. तुला सांगू, मी अजूनसुद्धा कपड्यांचं गाठोडं उचलताना आधी जरा थांबते. वाटतं, होईल हलकं. नाही होत. त्याने आपलं सगळं घालवलं गं. एका क्षणात. आणि साधं सॉरी नाही म्हणाला."

शब्द हिच्या ओठांवर आले होते. तीनच शब्द, 'मी बोलले होते'. टेबलावरच्या काचेत तिला तिचा चेहरा दिसत होता, चांगला पोक्त, जबाबदार चेहरा, ज्याच्या सहीवर रोज हजारो माणसं डोळे मिटून वर-खाली करायची. "ये तू," एवढंच ती म्हणाली.

"मैत्रीण म्हणून सांगतेस की कप्तान म्हणून?"

"कप्तान म्हणून."

"मग यायलाच हवं," मास्तरीण म्हणाली. "पण तो माझ्या बाजूला नको." फोन ठेवल्यावर हिला स्वतःचा असा राग आला की तिने समोरच्या अर्जावर उगाचच लाल शिक्का उमटवला आणि मग बसून तो खोडत राहिली.

रविवारी सकाळी ती वेळेआधी अर्धा तास पोचली. दुकान जवळजवळ रिकामं होतं. भिंतींवर जिथे टाक्या होत्या तिथे हिरवट चौकोन उरले होते आणि जमिनीवर ओल. जाड्याला तिने ओळखलंच नाही, कारण जाड्या वाळून अगदी काडी झाला होता. "मधुमेह," तो आनंदाने म्हणाला, "नाव मात्र बदलू नका, सवय झालीय." मधोमध ती टाकी होती, पाच फूट लांब, पाणी एक तृतीयांशावर आणलेलं, आणि तळाशी एक राखाडी, जाडजूड मासा संथपणे कल्ले हलवत होता. तिने सवयीने मनात हिशेब केला. काच, पाणी, खालची लोखंडी चौकट, दोनशेच्या वरच. चार माणसांच्या लिफ्टला दोनशे बहात्तर किलो पास करतात. चार माणसांना किती पास करायचं, याचा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. मुका आला, कोपऱ्यात उभा राहिला. शेवटी मास्तरीण आली, चष्मा तोच, आवाज तोच. जाड्याला तिने मिठी मारली, हिला मारली, आणि मुक्याच्या अंगावरून नजर अशी फिरवली, जशी रिकाम्या भिंतीवरून फिरवतात.

"जुन्याच जागा," जाड्या उत्साहात म्हणाला. "कप्तान इथे, मास्तरीण समोर, मुका..."

"मी सांगितलंय हिला," मास्तरीण म्हणाली. "तो माझ्या बाजूला नको. पुन्हा सोडलं तर मासा मरेल आणि आपले पाय जातील."

मुका दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाला. तो तसा निघाला, मान जराशी खाली घालून, सवयीचं काम करावं इतक्या सहज, ते हिने पाहिलं, आणि तिला उभं राहवेना. "थांब," ती म्हणाली. आवाज चिरका आला. "त्याने सोडलं नव्हतं. मी बोलले होते. त्याचा आकडा मी म्हटला होता, मोठ्याने. त्या फोटोग्राफरसाठी. तुम्हाला ऐकू आलं नाही, त्याला आलं. त्याने काही केलं नव्हतं. आणि मी गप्प बसले." एवढं बोलून झालं आणि मग तिला वाटलं आणखी काहीतरी बोलायला हवं, पण आणखी काही नव्हतंच. तेवढंच होतं ते, इतकी वर्षं.

जाड्या उलट्या बादलीवर बसला. मास्तरणीने चष्मा काढला, तो पुसला नाही, नुसता हातात धरला. "एकतीस वर्षं," ती म्हणाली. "मला त्याच्याशी भांडायला लावलंस. एकतीस वर्षं." मग मुक्याकडे वळून ओरडली, "आणि तू? तुझं तोंड कुणी शिवलं होतं? कानात ओरडली ना ही तुझ्या?"

"ओरडली नाही, म्हणाली," मुक्याने दुरुस्त केलं.

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी काही विचारलं नाही. तू सांगितलंस, मी सोडलं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." तो टाकीच्या कडेला टेकला. "वजन परत आलं ते मला तुमच्या आधी कळलं. तुम्ही मागे सरलात, सरायलाच हवं होतं. माझ्या पायाशी वीट पडली होती. ती मी आत सरकवली, त्या बाईच्या डोक्याशेजारी. स्लॅब विटेवर थांबला. हात काढायला वेळ नव्हता." त्याने डावा हात वर केला आणि जरा कौतुकानेच पाहिला. "बोटं अडकली नव्हती. मी घातली होती."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"ती बाई पुढे सव्वीस वर्षं जगली. दर वर्षी त्या तारखेला मला भेटायला यायची. भयंकर बडबडी. वीट तिने पाहिली होती." मग तो हिच्याकडे वळला, आणि दवाखान्याच्या आवारात जसं पाहिलं होतं तसंच त्याने पाहिलं, पण आता तिला त्या नजरेतलं वाचता आलं. "मी तुझ्यासाठी गप्प बसलो असं वाटतंय तुला. उगाच भाव खाऊ नकोस, कप्तान. बाकी सगळं आपण चौघांनी केलं होतं. तेवढं एक मी एकट्याने केलं. ते मला मनात ठेवायचं होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. किती वर्षं ती स्वतःच्या अपराधाभोवती फिरत राहिली होती, जणू त्या दिवशी तिच्याशिवाय तिथे कुणी नव्हतंच. ती चुकली होती, ते खरं होतं, ते आता सगळ्यांसमोर बोलून झालं होतं आणि पुसलं जाणार नव्हतं. पण तिच्या दलात असा एक मुलगा होता. सोळाव्या वर्षी, स्लॅब खाली येत असताना, त्याने पायाशी पडलेली वीट पाहिली होती. आणि त्या दलाची कप्तान ती होती. तिला फार अभिमान वाटला. माफी मागायची राहिली होती, ती तिने मागितली. मुका म्हणाला, "बरं." मास्तरीण म्हणाली, "माझं अजून झालेलं नाही, तुझ्याशी मी वेगळं भांडणार आहे," आणि चष्मा चढवून ती टाकीला वळसा घालून गेली, थेट मुक्याच्या शेजारी. "सरक," ती त्याला म्हणाली. "असा मधे काय उभा राहतोस? कोपरा धर नीट. इतक्या वर्षांत धरायला पण नाही शिकलास."

मुका सरकला. त्याची तीन बोटं आणि मास्तरणीची पाच एकाच चौकटीखाली गेली. जाड्या उठला, हात पँटला पुसले, माशाला म्हणाला, "घाबरू नकोस रे, हमाल आलेत," आणि मग जोरात, "उचला!"

वजन गेलं नाही. किलोभरही कमी झालं नाही. ते तिच्या मनगटांत आलं, कोपरात आलं, कमरेच्या खालच्या मणक्यांत उतरलं, आणि समोर मास्तरणीचा चेहरा लालबुंद झाला, जाड्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पाणी एका बाजूला कललं आणि परत आलं. टाकी जमिनीपासून सुटली. एक इंच, मग चार इंच. एकेक पाऊल टाकत ती दाराकडे निघाली, उंबऱ्यावर अडली, "पाय, पाय उचल," "थांब, थांब," "माझी पाठ गेली," "बोलू नकोस, चाल," आणि उंबरा ओलांडून चौघं उन्हात आले. पंधराव्या वर्षी त्यांनी कधी काही उचललंच नव्हतं, तिच्या लक्षात आलं. तेव्हा वजन आपलं आपणच जायचं. हे मात्र ते उचलत होते.

"मेली काय जड आहे गं," मास्तरीण दातओठ खात म्हणाली.

"आहेच," कप्तान म्हणाली, आणि रस्त्याच्या पलीकडे उभे असलेले दोन-तीन जण वळून पाहू लागले, इतक्या ऐटीत म्हणाली.